वेखंड : एका पाणथळ वनौषधीचे नाव, रूप आणि व्यवहार

५.१ प्रस्तावना



मागील घटकात आपण शास्त्रविषयक मराठी गद्याची सामान्य लक्षणे पाहिली. या घटकात तीच लक्षणे एका वनस्पतीच्या आधारे तपासून पाहायची आहेत. ही वनस्पती म्हणजे वेखंड. पाण्याकाठी उभे असलेले वेखंड तुमच्यापैकी अनेकांनी कधी पाहिले नसेल. परंतु त्याचे वाळलेले, गाठाळ, तपकिरी मूळ मात्र बाळगुटीच्या डबीत, काष्ठौषधींच्या दुकानात किंवा जुन्या रेशमी वस्त्रांच्या पेटीत नक्की पाहिले असेल. त्याचा वास तर एकदा घेतला की विसरत नाही.

एका साध्या मुळाभोवती भाषेचे किती व्यवहार चालू असतात, हे या घटकात तुमच्या लक्षात यावे अशी अपेक्षा आहे. निघंटुकार त्याला एक डझन नावे देतो, चरकसंहिता त्याला गणांत बसवते, आजी त्याचे वेढे मोजते, वनस्पतिशास्त्रज्ञ त्याची गुणसूत्रे मोजतो. हे सर्व जण एकाच वस्तूविषयी बोलत आहेत का, आणि बोलत असतील तर एकमेकांना समजत आहेत का, हा आपला मुख्य प्रश्न आहे.

हा घटक भाषेच्या अभ्यासक्रमाचा आहे, औषधोपचाराचा नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. तथापि आपल्या विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी प्रौढ आहेत. अनेकांच्या घरी तान्ही मुले किंवा नातवंडे आहेत. त्यामुळे येथील शब्दांचा अर्थ केवळ उत्तरपत्रिकेपुरता राहत नाही. ५.६ हा भाग त्या दृष्टीने विशेष लक्षपूर्वक वाचावा.

५.२ पाण्याकाठचे रूप

वेखंडाचे शास्त्रीय नाव अकोरस कॅलॅमस. पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचा समावेश अळूच्या कुलात करीत. आता त्यासाठी अकोरेसी हे स्वतंत्र कुल मानले जाते. एकदलिकित वनस्पतींच्या वंशवृक्षात अकोरस ही प्रजाती इतर सर्व एकदलिकितांपासून सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा आहे, असे अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले आहे. म्हणजे ज्या मोठ्या गटात गहू, केळ, नारळ आणि हळद येतात, त्या गटातील हा एक फार जुना रहिवासी होय.

ही वनस्पती ओढ्याच्या, तळ्याच्या किंवा दलदलीच्या काठी, घोट्याएवढ्या पाण्यात व गाळात वाढते. पाने तलवारीसारखी, उभी, सुमारे मीटरभर किंवा त्याहूनही उंच, मध्यशीर ठळक. दुरून पाहिल्यास पाणकणसाचा भास होतो. पण पान चुरगाळताच निर्माण होणारा उग्र, किंचित गोडसर वास ओळख पक्की करतो. फुलोरा स्थूलकणिश प्रकारचा, बोटाएवढा, हिरवट पिवळा. तो पानासारख्याच दिसणाऱ्या दांड्याच्या कडेने तिरपा बाहेर येतो, त्यामुळे पानालाच कणीस फुटले आहे असे वाटते.

आपण ज्याला व्यवहारात 'मूळ' म्हणतो ते वस्तुतः मूळ नाही. ते जमिनीखाली आडवे सरकणारे खोड असून त्याला मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत मूलक्षोड म्हणतात. खरी मुळे त्याच्या खालच्या बाजूस बारीक दोऱ्यांसारखी असतात आणि वाळवण्यापूर्वी ती काढून टाकतात. व्यवहारातील शब्द आणि परिभाषेतील शब्द यांत असे अंतर अनेकदा पडते. लेख लिहिताना 'मूळ' हा शब्द वापरण्यास हरकत नाही. परंतु वनस्पतीचे वर्णन करीत असताना तो वापरला तर ती चूक ठरते. या घटकात यापुढे आपण दोन्ही शब्द आपापल्या जागी वापरू.

भारतात वेखंड हिमालयाच्या पायथ्यापासून मध्यम उंचीपर्यंत आणि ईशान्येकडील राज्यांत पाणथळ जागी आढळते. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील कोरटगेरे परिसर त्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे; तेथे भातासारखेच पाणी साचवून हे पीक घेतात. लागवड बियांपासून नव्हे तर मूलक्षोडाच्या तुकड्यांपासून करतात. काही प्रकारांना बीज धरतच नाही, आणि याचे कारण पुढे मात्रेच्या चर्चेत येईल.

५.३ नावांचा अभ्यास

संस्कृत वैद्यकपरंपरेत 'निघंटु' हा एक स्वतंत्र ग्रंथप्रकार आहे. त्यात द्रव्यांची पर्यायनावे व गुण पद्यात सांगितलेले असतात. आज कोशात आपण अर्थासाठी जातो. निघंटूत मात्र ओळख पटावी म्हणून जायचे असते. चित्र छापण्याची सोय नसलेल्या काळात नाव हेच चित्र होते. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात वेखंडाची जी नावे आहेत, ती या दृष्टीने वाचून पाहा.

'उग्रगंधा' हे नाव वासाचे आहे. 'षड्ग्रंथा' म्हणजे सहा गाठींची आणि 'शतपर्विका' म्हणजे शंभर पेरांची. सहा आणि शंभर ही दोन्ही विशेषणे एकाच वस्तूला कशी लागू पडतात, असा प्रश्न पडेल. वाळलेले वेखंड हातात घेतले की उत्तर मिळते: त्यावर ठळक गाठी थोड्या असतात, पण झडलेल्या पानांच्या खुणांची वलये मात्र असंख्य व दाट असतात. 'जटिला', 'लोमशा' आणि 'गोलोमी' ही नावे त्या पेरांवर राहिलेल्या केसाळ तंतूंवरून आलेली आहेत. 'मंगल्या' हे नाव रूपाचे नसून सामाजिक स्थानाचे आहे. राहता राहिले 'क्षुद्रपत्री'. मीटरभर लांबीच्या पानाला क्षुद्र का म्हणावे? रुंदीने अरुंद म्हणून, असे समाधान टीकाकार देऊ शकतील; माझ्या मते हे नाव या वनस्पतीला नीट बसत नाही. निघंटूतील प्रत्येक नाव प्रत्यक्ष निरीक्षणातूनच आले असेल असे गृहीत धरू नये. काही नावे एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे सरकतही असतात.

अशा सरकण्याचा पुरावा खुद्द चरकसंहितेत मिळतो. सूत्रस्थानात औषधांचे प्रत्येकी दहा द्रव्यांचे गण सांगितले आहेत. त्यांतील 'संज्ञास्थापन' गणात वचा आहे, आणि त्याच दहांत गोलोमी व जटिला हीदेखील आहेत. तसेच 'लेखनीय' गणात वचा आणि हैमवती ही दोन्ही नावे येतात. आता विचार करा. जर गोलोमी म्हणजे वचाच असेल, तर एकच द्रव्य दोनदा मोजले गेले असे होईल आणि दहाची संख्या भरणार नाही. अर्थात चरकाच्या यादीत ही नावे वेगवेगळ्या द्रव्यांची आहेत. भावप्रकाशात येईपर्यंत त्यांतील काही एकाच वनस्पतीची पर्यायनावे झाली. समानार्थी शब्दांची यादी वाचताना ती कोणत्या काळातील, कोणत्या ग्रंथातील आहे हे पाहिल्याशिवाय अर्थ ठरवू नये, हा धडा केवळ वैद्यकाला लागू नाही. प्राचीन मराठी काव्यातील शब्दांचे अर्थ लावतानाही तुम्हाला तो उपयोगी पडेल.

भावप्रकाशात याच्या उलट प्रक्रियाही दिसते. तेथे 'वचा' हे एका वनस्पतीचे नाव न राहता जणू एका वर्गाचे नाव बनते. पांढऱ्या प्रकाराला पारसीक वचा म्हटले आहे, कुलिंजनाचा उल्लेख वचेच्याच प्रकारात आहे आणि चोपचिनीला 'द्वीपांतर वचा', म्हणजे समुद्रापलीकडच्या बेटांतून आलेली वचा, असे नाव दिले आहे. फिरंगरोग हा नवा आजार आणि त्यावरची चोपचिनी ही नवी मुळी या दोन्ही गोष्टी त्या काळी परदेशी जहाजांबरोबर आल्या. नव्या वस्तूला जुन्या ओळखीच्या वस्तूचे नाव विशेषण लावून द्यायचे, ही भाषेची नेहमीची युक्ती आहे. आपण 'विलायती चिंच' म्हणतो ते याच रीतीने.

त्याच शतकात आपल्या शेजारी आणखी एक नोंद झाली. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात वेखंडावर एक संवाद आहे. गुजरात, दख्खन, कोकण, मलबार अशा निरनिराळ्या प्रदेशांत या मुळाला काय म्हणतात याची तो नोंद करतो. घोड्यांना देण्याच्या एका मिश्रणातही हे मूळ घालतात असे त्यात सांगितले आहे. हिंदीत व बाजारात आजही वेखंडाला 'घोडवच' म्हणतात, हे या संदर्भात आठवते. कोकणातील नाव दख्खनमधील नावापासून वेगळे नोंदवण्याइतका या परकीय माणसाचा कान तयार होता, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आता 'वचा' या शब्दाकडेच पाहू. त्याची व्युत्पत्ती परंपरेने 'वच्', म्हणजे बोलणे, या धातूपासून सांगितली जाते. मराठीतील 'वाचा', 'वचन', 'वाचाळ', 'अनिर्वचनीय' हे शब्द त्याच धातूचे. फारसी व युनानी वैद्यकात हे द्रव्य 'वज' म्हणून ओळखले जाते. मलयाळममध्ये त्याला 'वयंबु', तमिळमध्ये 'वसंबु' आणि कन्नडमध्ये 'बजे' म्हणतात. तमिळ भाषकांत त्याला 'नाव न घेण्याचे औषध' अशा अर्थाचेही एक नाव आहे. वाचा देणाऱ्या मुळाचे नाव मात्र वाचेने उच्चारायचे नाही, असा हा संकेत! शास्त्रीय नावातील 'कॅलॅमस' हा शब्द ग्रीक 'कालामोस'वरून आला असून त्याचा अर्थ बोरू, वेत असा आहे. तोच शब्द अरबीत 'कलम' झाला आणि तेथून फारसीमार्गे मराठीत आला. दोन नावांत दोन दिशा आहेत, एक बोलण्याकडे जाणारी आणि दुसरी बोरूच्या पात्याकडे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १ : (अ) 'शतपर्विका' व 'षड्ग्रंथा' ही नावे परस्परविरोधी का नाहीत? (आ) 'वेखंड' या मराठी शब्दातील 'खंड' हा घटक तुम्हाला कोणत्या अर्थाचा वाटतो? श्रीखंड, हळकुंड, सुंठ या शब्दांच्या रचनेशी तुलना करून चार ओळी लिहा.

५.४ ग्रंथांतील वेखंड आणि फसवे शब्द

आयुर्वेदाच्या परिभाषेत वेखंड कटू व तिक्त रसाचे, उष्ण वीर्याचे, लघू व तीक्ष्ण गुणांचे, वात व कफ यांचे शमन करणारे आणि 'मेध्य', म्हणजे बुद्धीस हितकर, मानले आहे. अपचन, पोटफुगी, खोकला, आवाज बसणे, अपस्मार, उन्माद अशा विकारांत ते सांगितले आहे. सारस्वत चूर्णात इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतके वेखंड असते. सारस्वतारिष्ट, हिंग्वादी चूर्ण आणि चंद्रप्रभा वटी यांतही ते आहे. अधिक प्रमाणात घेतल्यास ते ओकारी आणते, आणि वमनकर्मासाठी त्याचा तसा जाणीवपूर्वक उपयोगही केला जातो.

हे सर्व तुम्हाला कोणत्याही द्रव्यगुणाच्या पुस्तकात मिळेल. भाषेच्या विद्यार्थ्याला अधिक महत्त्वाचे आहेत ते चरकाच्या गणांची नावे धारण करणारे शब्द, कारण ते आजच्या मराठीत जिवंत असूनही वेगळाच अर्थ देतात.

'लेखनीय' गण घ्या. वेखंड हे लिहिण्यास योग्य आहे असा त्याचा अर्थ नाही. 'लिख्' या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, खरवडणे असा आहे. टोकदार लोखंडी लेखणीने ताडपत्रावर ओरखडा काढणे हेच पूर्वी लिहिणे होते. वैद्यकात 'लेखन' म्हणजे शरीरातील साचलेला मेद व कफ खरवडून कमी करणे. आपल्या भाषेत या धातूचा एक अर्थ राहिला, दुसरा वैद्याच्या पोथीत राहिला.

'तृप्तिघ्न' गणात वेखंड आहे. तृप्तीचा नाश करणारे औषध कोणी कशासाठी घ्यावे? येथे तृप्ती हा विकार आहे: न खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, अन्नाची इच्छा न होणे. भक्तिपर काव्यात हाच शब्द परमसुखाचा आहे. 'संज्ञास्थापन' गणातील 'संज्ञा' म्हणजे शुद्ध, भान. व्याकरणात तीच पारिभाषिक नाव होते. मूर्च्छित माणसाला शुद्धीवर आणण्यासाठी नाकापाशी धरण्याचे तीव्र गंधाचे औषध आणि पाणिनीच्या संज्ञासूत्रांतील संज्ञा यांचे शब्दरूप एकच आहे. याशिवाय अर्शोघ्न व शीतप्रशमन या गणांतही वचा येते. त्या नावांचा अर्थ सरळ असल्याने त्यांवर थांबण्याचे कारण नाही.

आणि मग 'मात्रा'. छंदशास्त्रात ती काळाचे माप आहे, लिपीत ती अक्षरावरची खूण आहे, वैद्यकात ती औषधाचे प्रमाण आहे, आणि लोकभाषेत ती स्वतःच औषध बनली आहे. 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा वैद्याच्या पेटीतील वस्तू आपल्या वाक्प्रचारात आलेली असते. प्रमाण सांगणारा शब्द वस्तूचे नाव होतो तेव्हा एक धोकाही उत्पन्न होतो: किती, हा प्रश्न विचारण्याची सवय सुटते.

आधुनिक मराठीत या ज्ञानाची मांडणी करणाऱ्यांमध्ये शंकर दाजीशास्त्री पदे यांचे स्थान मोठे आहे. 'वनौषधिगुणादर्श' या त्यांच्या ग्रंथाने सामान्य मराठी वाचकाला निघंटूच्या जगात प्रवेश मिळाला. पुढे डॉ. वामन गणेश देसाई यांच्या 'ओषधिसंग्रह' या ग्रंथात वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि परंपरेतील गुणवर्णन शेजारी-शेजारी आले. शास्त्रीय मराठी गद्य घडण्याच्या दृष्टीने अशा ग्रंथांचा अभ्यास अद्याप पुरेसा झालेला नाही, असे मला वाटते. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

५.५ घरातील वेखंड

ग्रंथांपेक्षा वेखंडाचा वावर स्त्रियांच्या मौखिक ज्ञानात अधिक आहे. बाळगुटीत हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, अतिविष, काकडशिंगी, सागरगोटा यांच्याबरोबर वेखंडाचा तुकडा असतोच. ही द्रव्ये सहाणेवर आईच्या दुधात किंवा पाण्यात उगाळतात आणि प्रमाण वेढ्यांत मोजतात: जायफळाचा अर्धा वेढा, हिरड्याचे दोन, वेखंडाचा एक. बाळाचे पोट फुगले की वेखंड व हिंग यांचा लेप बेंबीभोवती लावतात. न्हाऊ घातल्यावरच्या धुरीत, सर्दी झाल्यास टाळूवर चोळायच्या पुडीत आणि बाळाच्या कपड्यांतही ते असते. कर्नाटकात बजेचे मणी ओवून बाळाच्या मनगटात बांधतात, केरळात वयंबु आणि सोने मधात उगाळून चाटवतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बालकांसाठी सोने, मध व तूप यांच्याबरोबर जे योग सांगितले आहेत, त्यांतील काहींत वचा आहे. ग्रंथ आणि स्वयंपाकघर येथे एकमेकांजवळ येतात.

एक उपयोग असा आहे की त्यासाठी मराठीच्या अभ्यासकाने वेखंडाचे ऋण मान्य केले पाहिजे. त्याचा गंध कसर व वाळवी यांना दूर ठेवतो, म्हणून पोथ्यांच्या बासनात वेखंडाचे तुकडे ठेवण्याची पद्धत होती. हस्तलिखितांच्या जतनासाठी वेखंडाच्या पुडीच्या पुरचुंड्या अनेक संग्रहांत अजूनही वापरतात. आज आपण ज्या जुन्या मराठी पोथ्या वाचतो, त्यांतील काही या वासाच्या आश्रयाने टिकल्या आहेत. हस्तलिखित संग्रहात जाण्याची संधी मिळाली तर बासन सोडताना येणारा वास लक्षात ठेवा.

५.६ मात्रेचा प्रश्न

वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसरोन नावाचे एक संयुग असते. 1960 च्या दशकात जम्मू भागातील वेखंडाचे तेल उंदरांना दीर्घकाळ अन्नातून दिले असता त्यांच्यात अर्बुदे निर्माण झाल्याचे आढळले. त्यानंतर 1968 मध्ये अमेरिकेत खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घालण्यात आली. पुढील अभ्यासांत असे दिसले की सर्व वेखंड सारखे नसते. उत्तर अमेरिकेतील प्रकार द्विगुणित असून त्यात हे संयुग जवळजवळ नसते. युरोपात आढळणारा प्रकार त्रिगुणित, त्यामुळे वंध्य, केवळ तुकड्यांनी वाढणारा. त्यात ते कमी असते. आशियातील चतुर्गुणित प्रकारात ते फार मोठ्या प्रमाणात असते. भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसरोन हाच पुष्कळदा प्रमुख घटक असतो.

यावरून काय निष्कर्ष काढावा? दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, परंपरा हजारो वर्षांची आहे, म्हणून शंका घेऊ नये. दुसरे म्हणते, परंपरा अज्ञानाची आहे. दोन्ही उत्तरे ग्रंथ न वाचता दिलेली आहेत. उंदरांना दिलेले तेल आणि सहाणेवरचा एक वेढा यांची बरोबरी करता येत नाही, हे खरे. पण खुद्द परंपराही वेखंडाला निरुपद्रवी मानत नाही. त्याचे शोधन सांगितले आहे, म्हणजे गोमूत्र व ठरावीक काढ्यांत शिजवून, वाफवून मगच ते पोटात द्यावे असा विधी आहे. काश्यपसंहितेत बालकांच्या लेहनाचा विचार करताना कोणाला लेह द्यावा आणि कोणाला देऊ नये याचे विवेचन आहे. भारतीय आयुर्वेदीय औषधकोशात वेखंडाच्या चूर्णाची मात्रा 60 ते 120 मिलिग्रॅम आणि वमनासाठी 1 ते 2 ग्रॅम दिली आहे. 120 मिलिग्रॅम म्हणजे चमच्याच्या टोकावर जेमतेम दिसेल इतकी पूड. औषधाचे प्रमाण आणि ओकारी आणणारे प्रमाण यांत अंतर किती आहे, हे या आकड्यांवरून पाहा; आणि मग तीन-चार किलो वजनाच्या बाळाचा विचार करा.

वेढा हे माप येथे अपुरे पडते. सहाण खरखरीत असेल तर एका वेढ्यात अधिक उगाळले जाते, गुळगुळीत असेल तर कमी. हात जड की हलका, तुकडा ताजा की जुना, यानेही फरक पडतो. सर्व आयुष्य गुटी देण्यात घालवलेल्या अनुभवी स्त्रीच्या हाताला हा अंदाज असे. पुडीतून आणलेले तयार चूर्ण चिमटीने देणाऱ्या हाताला तो नसतो. बाजारात 'बाळवेखंड' म्हणून जे पांढरे मूळ मिळते, ते तर बऱ्याचदा वेखंडच नसते; त्याची ओळख आयरिस या वेगळ्याच कुलातील वनस्पतीशी लावली जाते. नाव सौम्य वाटले म्हणून वस्तू सौम्य ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे अशी आहे, आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण मधातील जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

यापेक्षाही मोठी हानी शब्दामुळे होते. वचा म्हणजे वाचा देणारी, या व्युत्पत्तीवर विसंबून उशिरा बोलणाऱ्या मुलाला वेखंड चाटवण्याचा प्रघात अनेक घरांत आहे. उपयोगावरून नाव पडले की नावावरून उपयोग रूढ झाला, हे शब्दावरून ठरत नाही. वेखंड चाटवल्याने मूल लवकर बोलते असे प्रयोगाने सिद्ध झालेले नाही. मूल बोलत नाही याचे एक महत्त्वाचे कारण त्याला ऐकू येत नाही हे असते. श्रवणदोष जितका लवकर लक्षात येईल तितकी भाषा शिकण्याची संधी अधिक, कारण भाषा आत्मसात करण्याचा मुख्य काळ पहिल्या काही वर्षांचाच आहे. भाषाविज्ञानाच्या घटकात तुम्ही हे वाचले आहे. 'त्याचा बापही उशिरा बोलला होता, वेखंड द्या, बोलेल' या वाक्यात सहा महिने, वर्ष निघून जाते. मुलाच्या कानांची तपासणी आधी करून घ्यावी. ती तपासणी नवजात बाळाचीही करता येते. घरात वेखंडाविषयी कोणाचे काहीही मत असले तरी तपासणी लांबणीवर पडू नये, असे मी येथे आग्रहाने सांगतो. पोटात देण्याबाबत मात्र निर्णय वैद्य किंवा डॉक्टर यांना विचारूनच घ्यावा, चुलत्या-मावश्यांच्या मतदानाने नव्हे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न २ : 'वेढा' या मापाची उपयुक्तता व मर्यादा दहा ओळींत लिहा. तुमच्या परिसरात वापरली जाणारी अशी आणखी मापे (चिमूट, पसा, ओंजळ, गुंज) कोणत्या व्यवहारात येतात, त्याची उदाहरणे द्या.

५.७ क्रियापदाकडे लक्ष द्या

आता आतापर्यंतचा मजकूर पुन्हा चाळा आणि केवळ वाक्यांची क्रियापदे पाहा. 'मेध्य मानले आहे', 'विकारांत सांगितले आहे', 'लेप लावतात', 'निर्माण झाल्याचे आढळले', 'सिद्ध झालेले नाही'. प्रत्येक क्रियापद वाक्यामागचा आधार वेगळा असल्याचे सांगते. 'सांगितले आहे' म्हणताना लेखक ग्रंथाचा हवाला देतो, 'लावतात' म्हणताना लोकाचाराचा, 'आढळले' म्हणताना निरीक्षणाचा. मराठीत ही सूक्ष्म सोय आहे आणि वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक मजकुरात तिची सर्रास हेळसांड होते. 'वेखंड बुद्धी वाढवते' असे सरळ वर्तमानकाळी वाक्य छापले की ग्रंथातील मत, घरातील समजूत आणि प्रयोगाचा निष्कर्ष एकाच पातळीवर येतात, आणि वाचकाजवळ त्यांना वेगळे करण्याचे साधन उरत नाही.

परीक्षेत वनस्पतिवर्णनाचा उतारा लिहावयास आल्यास या क्रियापदांची निवड हा गुणांकनाचा भाग असेल. भाषा अलंकारिक असण्याची गरज नाही. वास 'स्वर्गीय' आहे असे लिहिण्यापेक्षा तो उग्र व किंचित गोडसर आहे असे लिहावे.

५.८ उपक्रम

तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वयस्क स्त्रीकडून बाळगुटीतील द्रव्यांची नावे, प्रत्येकाचे वेढे आणि ती का देतात याची तिने सांगितलेली कारणे तिच्याच शब्दांत लिहून घ्या. बोलीतील शब्द प्रमाण मराठीत बदलू नका. ज्या शब्दाचा अर्थ कळणार नाही तो विचारा, आणि विचारूनही कळला नाही तर तसाच ठेवून त्याखाली रेघ ओढा. नंतर काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन त्यांपैकी किमान पाच द्रव्ये प्रत्यक्ष पाहा. दुकानदार त्यांना कोणत्या नावाने ओळखतो ते नोंदवा. वेखंड आणि बाळवेखंड शेजारी ठेवून वास, रंग व पेरे यांतील फरक टिपा. ही नोंद चार ते पाच पानांची असावी आणि संपर्कसत्राच्या वेळी समंत्रकांकडे द्यावी. नोंदीत द्रव्यांची नावे दोन रकान्यांत मांडा: एका रकान्यात सांगणाऱ्या स्त्रीने उच्चारलेले नाव, दुसऱ्यात दुकानदाराने उच्चारलेले. जेथे दोन्ही रकाने जुळत नाहीत, त्या ओळींवर संपर्कसत्रात चर्चा होईल.